एडवर्ड जेन्नर आणि लसीतील विषाणूचे कोडे

जागतिक आरोग्य सभेने ८ मे १९८० रोजी देवी या रोगाचे पृथ्वीवरून समूळ उच्चाटन झाल्याची घोषणा केली. मानवी प्रयत्नांतून पूर्णपणे नष्ट झालेला हा पहिलाच रोग होय. या यशाचे श्रेय ज्या लसीला दिले जाते, तिचा उगम इंग्लंडमधील एका लहान गावाच्या परिसरातील गोठ्यात झाला आणि तिचे जनक म्हणून एडवर्ड जेन्नर यांचे नाव जगभर आदराने घेतले जाते. मात्र कोट्यवधी लोकांचे प्राण वाचविणारा त्या लसीतील विषाणू नेमका कोणता, तो मूळचा गाईचा की अन्य एखाद्या प्राण्याचा, हा प्रश्न जेन्नर यांच्या निधनानंतरही जवळपास दोन शतके अनुत्तरित राहिला. स्वतः जेन्नर यांनी या प्रश्नाचे एक उत्तर दिले होते. त्यांच्या हयातीत त्या उत्तराची टिंगल झाली. जनुकशास्त्राने मात्र त्याचा पुन्हा गांभीर्याने विचार करणे भाग पाडले.

बालपण आणि देवीचा पहिला अनुभव

एडवर्ड जेन्नर यांचा जन्म १७ मे १७४९ रोजी इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातील बर्कली या गावी झाला. त्यांचे वडील रेव्हरंड स्टीफन जेन्नर हे तेथील चर्चचे धर्मोपदेशक होते. नऊ भावंडांमध्ये एडवर्ड आठवे. ते पाच वर्षांचे असताना, १७५४ मध्ये, त्यांचे आई आणि वडील दोघेही निवर्तले आणि त्यांच्या पालनपोषणाची जबाबदारी थोरल्या भावंडांवर आली.

त्या काळी युरोपात देवीचा रोग घरोघरी पोहोचलेला होता. ज्यांना तो होई त्यांच्यापैकी साधारणपणे दहांतील तीन जण दगावत. जे वाचत त्यांच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहत आणि अनेकांची दृष्टी जाई. या रोगापासून बचावाचा एकच उपाय माहीत होता. देवी आलेल्या रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या त्वचेत टोचला जाई. भारतात, चीनमध्ये आणि तुर्कस्तानात ही पद्धत पूर्वीपासून रूढ होती आणि अठराव्या शतकाच्या प्रारंभी ती इंग्लंडमध्ये पोहोचली होती. अशा रीतीने टोचून आलेल्या देवी बहुधा सौम्य असत; तथापि, शंभरांतील एक-दोन जणांचा त्यातही मृत्यू होई. शिवाय टोचून घेतलेल्या माणसाकडून इतरांना खऱ्या देवीचा संसर्ग होण्याचा धोका असे.

जेन्नर यांना वयाच्या आठव्या वर्षी, १७५७ मध्ये, अशाच प्रकारे देवी टोचण्यात आल्या. त्यापूर्वी शरीर शुद्ध करण्याच्या नावाखाली त्यांना कित्येक आठवडे अर्धपोटी ठेवण्यात आले आणि वारंवार त्यांचे रक्त काढण्यात आले. टोचल्यानंतर इतर मुलांसमवेत त्यांना एका तबेल्यात ठेवले गेले. ते वाचले, परंतु या अनुभवाची धास्ती त्यांच्या मनातून पुढे कधीही गेली नाही.

निरीक्षणाची शिस्त

वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी जेन्नर यांना चिपिंग सॉडबरी येथील शल्यवैद्य डॅनियल लुडलो यांच्याकडे उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. तेथे सुमारे सात वर्षे त्यांनी औषधे तयार करणे, जखमा बांधणे आणि लहानमोठ्या शस्त्रक्रिया करणे यांचे शिक्षण घेतले. १७७० मध्ये ते लंडनला गेले आणि सेंट जॉर्जेस रुग्णालयात जॉन हंटर यांचे शिष्य झाले. हंटर हे त्या काळातील अग्रगण्य शल्यवैद्य आणि प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. केवळ तर्क लढवीत न बसता प्रयोग करून पाहावा, ही त्यांची शिकवण जेन्नर यांनी आयुष्यभर पाळली. गुरुशिष्यांमधील पत्रव्यवहार १७९३ मध्ये हंटर यांचे निधन होईपर्यंत चालू होता.

याच काळात कॅप्टन जेम्स कुक यांच्या पहिल्या सागरी मोहिमेतून जोसेफ बँक्स यांनी आणलेल्या वनस्पती आणि प्राण्यांच्या नमुन्यांची वर्गवारी करण्याच्या कामात जेन्नर यांनी साह्य केले. दुसऱ्या मोहिमेवर जाण्याची संधी त्यांना देऊ करण्यात आली होती. ती त्यांनी नाकारली आणि ते बर्कलीला परतून ग्रामीण वैद्य म्हणून व्यवसाय करू लागले.

गावातील या वैद्याची जिज्ञासा औषधोपचारापुरती मर्यादित नव्हती. ते व्हायोलिन वाजवीत, कविता करीत आणि पक्ष्यांच्या सवयींचे बारकाईने निरीक्षण करीत. कोकिळेच्या जातीतील कुकू हा पक्षी दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्यात अंडे घालतो, हे सर्वांना ठाऊक होते. मात्र त्या घरट्यातील मूळ अंडी आणि पिल्ले बाहेर कोण फेकते, याविषयी मतभेद होते. नुकतेच जन्मलेले कुकूचे आंधळे पिल्लूच आपल्या पाठीवरील खोलगट भागात अंडे घेऊन ते घरट्याबाहेर ढकलते आणि पुढे काही दिवसांत ही खोलगट जागा भरून येते, असे जेन्नर यांनी दाखवून दिले. त्यांचा हा प्रबंध १७८८ मध्ये रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला आणि १७८९ मध्ये त्यांची सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. अनेकांना हे निरीक्षण अविश्वसनीय वाटले. पुढे प्रत्यक्ष पाहणीने आणि विसाव्या शतकात छायाचित्रणाने ते खरे ठरले. एका प्राण्याच्या घरट्यात दुसऱ्या प्राण्याचे वास्तव्य कसे घडते, याचा छडा लावणारी हीच दृष्टी पुढे त्यांनी रोगाकडे वळविली.

१७८८ मध्येच कॅथरीन किंग्सकोट यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

गोठ्यातील रोग

ग्लॉस्टरशर हा दुधदुभत्याचा प्रदेश. तेथील गाईंच्या सडांवर आणि कासेवर अधूनमधून फोड येत. दूध काढणाऱ्यांच्या हातांवरही तसेच फोड उठत, बगलेत गाठ येई, एक-दोन दिवस ताप येई आणि मग तो माणूस बरा होई. या आजाराला काऊपॉक्स, म्हणजे गाईच्या देवी, असे म्हणत. ज्याला गाईच्या देवी येऊन गेल्या त्याला खऱ्या देवी येत नाहीत, ही समजूत त्या भागातील शेतकऱ्यांमध्ये प्रचलित होती. जॉन फ्यूस्टर या वैद्याच्या लक्षात ही गोष्ट जेन्नर यांच्यापूर्वीच आली होती. डॉर्सेट परगण्यातील बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने तर १७७४ मध्ये आपल्या पत्नीला आणि दोन मुलांना गाईच्या फोडातील द्रव स्वतः टोचला होता.

त्यामुळे ही कल्पना सर्वप्रथम जेन्नर यांना सुचली, असे म्हणता येत नाही. लोकांमधील समजुतीची पद्धतशीर परीक्षा करणे, त्याची नोंद ठेवणे आणि ते ज्ञान सर्वांसाठी खुले करणे, हे त्यांचे कार्य होय. त्यांनी अनेक वर्षे गाईच्या देवी येऊन गेलेल्या लोकांची माहिती जमविली आणि त्यांपैकी अनेकांना जुन्या पद्धतीने देवी टोचून त्यांच्यावर परिणाम होत नाही, हे पडताळून पाहिले.

१४ मे १७९६ रोजी त्यांनी पुढचे पाऊल टाकले. सारा नेल्म्स या दूध काढणाऱ्या तरुणीच्या हातावर ब्लॉसम नावाच्या गाईपासून झालेला फोड होता. त्यातील द्रव घेऊन जेन्नर यांनी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर दोन लहान चिरा देऊन त्यांत तो टोचला. जेम्स हा त्यांच्याकडील माळ्याचा मुलगा होता. सातव्या दिवशी त्याच्या बगलेत दुखू लागले, नवव्या दिवशी थोडी थंडी वाजली, भूक मंदावली आणि डोके दुखले. दुसऱ्याच दिवशी तो बरा झाला. १ जुलै रोजी त्याच मुलाला खऱ्या देवीच्या फोडातील द्रव टोचण्यात आला. त्याला देवी आल्या नाहीत. काही महिन्यांनी पुन्हा टोचूनही परिणाम तोच राहिला.

आजच्या नीतिनियमांनुसार एका अजाण मुलावर असा प्रयोग करण्यास परवानगी मिळणार नाही. त्या काळी मात्र मुलांना देवी टोचणे ही नित्याची बाब होती. जेन्नर यांनी पुढे फिप्सला राहण्यासाठी घर दिले आणि जेन्नर यांच्या अंत्ययात्रेलाही तो उपस्थित होता.

रॉयल सोसायटीकडे पाठविलेले टिपण पुरेशा पुराव्याअभावी परत आले. परिसरातील गाईंमध्ये पुन्हा साथ येईपर्यंत जेन्नर यांना थांबावे लागले. १७९८ च्या वसंत ऋतूत ती आली. या वेळी त्यांनी एका मुलाला थेट गाईच्या सडावरील द्रव टोचला, त्याच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याला, दुसऱ्यापासून तिसऱ्याला, अशी साखळी तयार केली आणि साखळीच्या शेवटीही संरक्षण कायम राहते, हे दाखवून दिले. त्याच वर्षी त्यांनी तेवीस प्रकरणांचा वृत्तान्त असलेले आपले पुस्तक स्वखर्चाने प्रसिद्ध केले. लॅटिन भाषेत गाईला असलेल्या वाका या शब्दावरून त्यांनी या रोगाला नाव दिले आणि त्यावरूनच पुढे व्हॅक्सिन हा शब्द रूढ झाला. मराठीतील लस हा शब्दही मुळात फोडातून पाझरणाऱ्या द्रवाचाच वाचक आहे.

घोड्याचा सिद्धान्त

या पुस्तकात जेन्नर यांनी आणखी एक विधान केले होते आणि तेच वादाचे मूळ ठरले. गाईच्या देवी मुळात गाईच्या नाहीत, त्या घोड्याकडून येतात, असे त्यांचे म्हणणे होते. घोड्याच्या टाचेजवळ येणाऱ्या आणि पाणी वाहणाऱ्या फोडांच्या विकाराला इंग्रज शेतकरी ग्रीस म्हणत. नालबंद किंवा मोतद्दार अशा घोड्याच्या पायाची मलमपट्टी करतो आणि त्याच हातांनी गाईचे दूध काढतो, तेव्हा तो रोग गाईच्या सडांवर जातो. गाईच्या शरीरात त्याचे स्वरूप बदलते आणि मगच त्यात माणसाला देवीपासून कायमचे संरक्षण देण्याचा गुण येतो, अशी त्यांची मांडणी होती. ज्या भागात पुरुष घोड्यांची देखभाल आणि दूध काढणे ही दोन्ही कामे करतात, तेथेच गाईंना हा रोग अधिक दिसतो, असा आधार त्यांनी दिला. याहीपुढे जाऊन, माणसाच्या देवीचा रोगही अशाच मुळातून निरनिराळे बदल होत निर्माण झाला असावा, असा तर्क त्यांनी केला.

विषाणू ही संकल्पनाही त्या वेळी अस्तित्वात नव्हती. चार्ल्स डार्विन यांचा जन्म व्हायला अजून अकरा वर्षे होती. अशा काळात, एकच रोगबीज एका प्राण्याकडून दुसऱ्या प्राण्याकडे जाताना बदलते, हा विचार धाडसाचा होता. लंडनमधील डॉक्टरांनी घोड्याच्या पायाची लागण गाईला करून पाहिली आणि ती बहुतेकदा अयशस्वी ठरली. जॉर्ज पिअर्सन आणि विल्यम वुडव्हिल यांनी लसीचा स्वीकार केला, परंतु घोड्याचा सिद्धान्त फेटाळला. हा भाग वगळला असता तर पुस्तक अधिक सहज स्वीकारले गेले असते, असे जेन्नर यांच्या हितचिंतकांनाही वाटत होते.

मात्र काही ठिकाणी वेगळे निष्कर्ष निघाले. यॉर्कशरमधील जॉन लॉय या डॉक्टरांनी १८०१ मध्ये घोड्याच्या विकारातील द्रव वापरून यशस्वी लसीकरण केल्याचे जाहीर केले. इटलीत मिलान येथील लुइजी साक्को यांनीही घोड्यापासून मिळालेली लस गाईचा टप्पा वगळून थेट माणसांना टोचली आणि ती परिणामकारक ठरली. जेन्नर यांनी स्वतः १८१७ मध्ये घोड्यापासून मिळालेली लस वापरली आणि ती इतरांनाही पाठविली. गाईतून गेल्याशिवाय ती गुणकारी होत नाही, हे आपले पूर्वीचे मत त्यांनी अनुभवांती सोडून दिले.

जगभर प्रसार आणि मुंबईतील पहिली लस

विरोध चालू असतानाही लसीचा प्रसार विस्मयकारक वेगाने झाला. गाईचा द्रव टोचल्यास माणसाला शिंगे फुटतील, अशी भीती विरोधकांनी पसरविली. जेम्स गिलरे यांनी १८०२ मध्ये काढलेले, लोकांच्या अंगातून गाई बाहेर पडत असल्याचे व्यंगचित्र प्रसिद्धच आहे. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने जेन्नर यांना दहा हजार पौंडांचे आणि १८०७ मध्ये आणखी वीस हजार पौंडांचे अनुदान मंजूर केले. स्पेनच्या राजाने १८०३ मध्ये फ्रान्सिस्को बाल्मिस यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका खंडाकडे मोहीम पाठविली. जहाजावर बावीस अनाथ मुले होती. एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचत लस समुद्रापलीकडे जिवंत नेण्यात आली. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध चालू असतानाही नेपोलियनने आपल्या सैन्याला लस टोचविली आणि जेन्नर यांच्या विनंतीवरून काही इंग्रज कैद्यांची सुटका केली.

भारतात लस आणण्याचे समुद्रमार्गे झालेले प्रारंभीचे प्रयत्न फसले, कारण अनेक महिन्यांच्या प्रवासात तिचा गुण नाहीसा होत असे. अखेरीस व्हिएन्ना येथील डॉक्टर जाँ द कारो यांनी पाठविलेली लस बगदाद आणि बसरामार्गे, वाटेत माणसांना टोचत टोचत, मुंबईला पोहोचली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. भारतात यशस्वीरीत्या लस घेतलेली ही पहिली व्यक्ती होय. तिच्यापासून सुरू झालेली साखळी पुढे पुणे, सुरत, हैदराबाद आणि मद्रासपर्यंत पोहोचली. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून जेन्नर यांच्यासाठी सात हजार पौंडांहून अधिक निधी गोळा करण्यात आला.

ही कीर्ती मिळत असताना जेन्नर यांचे खासगी आयुष्य मात्र दुःखाने झाकोळले होते. लंडनमध्ये व्यवसाय करण्याचा प्रयत्न त्यांना मानवला नाही आणि ते बर्कलीला परतले. घराच्या बागेतील एका झोपडीत ते गोरगरिबांना विनामूल्य लस टोचत. त्यांचा थोरला मुलगा एडवर्ड १८१० मध्ये क्षयाने वारला. १८१५ मध्ये पत्नी कॅथरीन यांचेही त्याच रोगाने निधन झाले. त्यानंतर जेन्नर सार्वजनिक जीवनापासून जवळपास दूर झाले आणि पुन्हा पक्ष्यांच्या अभ्यासाकडे वळले. २६ जानेवारी १८२३ रोजी पक्षाघाताने त्यांचे निधन झाले. बर्कलीच्या चर्चमध्ये त्यांचे दफन करण्यात आले.

एक लस, अनेक वंश

जेन्नर यांच्या पश्चात लस जगभर वाढत राहिली, परंतु तिचा वंश कोणीही नीट नोंदवून ठेवला नाही. लसीतील रोगबीज टिकविण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे ते सतत कोणत्या ना कोणत्या जिवंत शरीरात वाढवीत राहणे. प्रारंभी हे काम एका माणसाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर होत असे. त्यातून उपदंशासारखे रोग पसरतात हे लक्षात आल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासरांच्या त्वचेवर लस वाढविण्याची पद्धत सर्वत्र आली. भारतातही चेन्नईजवळील गिंडी येथे १८९९ मध्ये अशी लस तयार करणारी संस्था उभी राहिली. एका ठिकाणची लस निष्प्रभ झाली की दुसरीकडून मागविली जाई. कोठे गाईच्या नव्या साथीतून, कोठे घोड्यापासून ताजा द्रव घेतला जाई. वुडव्हिल यांनी १७९९ मध्ये लंडनच्या देवी रुग्णालयातच लस टोचल्यामुळे त्यांच्या लसीत खऱ्या देवीचे बीज मिसळले गेले होते, असे मानले जाते. अशा रीतीने शंभर वर्षांहून अधिक काळ निरनिराळ्या विषाणूंची सरमिसळ होत राहिली.

१९३९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलन डाउनी यांनी एक धक्कादायक गोष्ट निदर्शनास आणली. प्रयोगशाळेत वापरला जाणारा लसीतील विषाणू आणि गाईंच्या साथीतून मिळणारा काऊपॉक्सचा विषाणू हे दोन वेगळे आहेत, असे त्यांना आढळले. लसीतील विषाणूला व्हॅक्सिनिया असे नाव होते. पण निसर्गात त्याचे मूळ घर कोठे आहे, हे कोणालाच सांगता येत नव्हते. काऊपॉक्स आणि मानवी देवी यांच्या संकरातून तो जन्मला असावा, असा एक तर्क होता. डेरिक बॅक्सबी यांनी १९८१ मध्ये या कोड्यावर संपूर्ण पुस्तक लिहिले आणि त्यात घोड्याच्या देवीची शक्यता पुन्हा पुढे आणली.

या वादाचे महत्त्व समजण्यासाठी या विषाणूंची रचना पाहणे आवश्यक आहे. देवी, काऊपॉक्स, व्हॅक्सिनिया आणि घोड्याच्या देवी हे सर्व एकाच कुळातील डीएनए विषाणू आहेत. त्यांचा जनुकसंच सुमारे एक लाख ऐंशी हजार ते सव्वादोन लाख घटकांचा, म्हणजे विषाणूंच्या मानाने बराच मोठा असतो. या कुळातील दोन विषाणू एकाच वेळी एकाच पेशीत शिरले, तर डीएनएच्या प्रती तयार होताना त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. दोन पोथ्यांची सुटी पाने एकमेकांत मिसळून तिसरीच पोथी बांधली जावी, तसा हा प्रकार असतो. याला जनुकीय पुनर्संयोजन म्हणतात. फ्रँक फेनर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस या कुळातील विषाणूंमध्ये असे पुनर्संयोजन घडत असल्याचे प्रयोगाने दाखविले. याखेरीज, ज्या प्राण्यात विषाणू दीर्घकाळ राहतो तेथे अनावश्यक ठरलेली जनुके तो गमावत जातो. काऊपॉक्सचा जनुकसंच या गटात सर्वांत मोठा आहे आणि तो अनेक प्राण्यांना बाधतो. केवळ माणसालाच होणाऱ्या देवीच्या विषाणूचा जनुकसंच मात्र त्याहून बराच लहान आहे.

जनुकशास्त्राचा कौल

मंगोलियात १९७६ मध्ये आजारी घोड्यापासून घेतलेल्या विषाणूचा जनुकसंच २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो व्हॅक्सिनियाचा निकटचा नातलग निघाला. काऊपॉक्स आणि मानवी देवी यांचा संकर ही कल्पना त्यामुळे आणखी मागे पडली. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १९०२ मध्ये तयार झालेल्या लसीचा एक जुना नमुना तपासला. त्यातील विषाणूचा मध्यवर्ती जनुकीय भाग घोड्याच्या देवीच्या विषाणूशी ९९.७ टक्के जुळला. विसाव्या शतकात वापरल्या गेलेल्या ड्रायव्हॅक्स या लसीची तपासणी झाली, तेव्हा तिच्यात एकच विषाणू नसून परस्परांपासून थोडेथोडे भिन्न असे अनेक वंश आढळले. त्यांच्या जनुकसंचांवर पुनर्संयोजनाच्या खुणा स्पष्ट होत्या. एकोणिसाव्या शतकात झालेल्या सरमिसळीचा इतिहास जणू विषाणूनेच लिहून ठेवला होता.

या पुराव्यामुळे जेन्नर यांचे सारेच म्हणणे खरे ठरले, असे मात्र नाही. जेम्स फिप्सला टोचलेला द्रव जतन झालेला नाही. त्यामुळे त्यात नेमका कोणता विषाणू होता, हे सिद्ध करता येणार नाही. घोड्याच्या टाचेचा ग्रीस हा विकार बहुधा अन्य कारणांनी होतो. त्याच जागी येणाऱ्या घोड्याच्या देवींशी त्या काळी त्याची गल्लत झाली. काऊपॉक्सचे खरे आश्रयस्थान उंदरांसारखे लहान प्राणी आहेत, हे आता ज्ञात आहे. मानवी देवीचे निकटचे नातलगही घोड्यात नव्हेत, तर उंटात आणि आफ्रिकेतील एका कृंतक प्राण्यात सापडले. लसीचे संरक्षण आयुष्यभर टिकते, हा जेन्नर यांचा आग्रह तर पूर्णपणे चुकीचा होता. काही वर्षांनी पुन्हा लस टोचावी लागते, हे पुढील साथींनी शिकविले. तथापि, गाईच्या अंगावर दिसणारा रोग दुसऱ्या प्राण्याकडून आलेला असू शकतो आणि प्राणी बदलताना रोगबीजही बदलते, हा त्यांचा मूळ विचार काळाच्या कसोटीवर टिकला.

गोठ्यापर्यंत परतलेला विषाणू

लसीतील विषाणूने जेन्नर यांनी वर्णिलेला प्रवास उलट दिशेनेही केला आहे. म्हशींच्या देवीची नोंद अविभाजित भारतात लाहोर येथे १९३४ मध्ये झाली. १९८५ ते १९८७ या काळात महाराष्ट्रात म्हशींमध्ये तिच्या साथी आल्या. या रोगाचा विषाणू व्हॅक्सिनियाचाच एक प्रकार असल्याचे तपासणीत आढळले. लसीकरणाच्या काळात माणसाकडून तो जनावरांकडे गेला आणि तेथेच स्थिरावला, असे अनेक शास्त्रज्ञांना वाटते. ब्राझीलमध्येही १९९९ पासून दुभत्या गाईंच्या सडांवर आणि दूध काढणाऱ्यांच्या हातांवर असाच विषाणू आढळत आला आहे. सारा नेल्म्सच्या हातावरील फोडाचीच ही पुनरावृत्ती म्हणता येईल.

गुरांच्या लम्पी त्वचारोगाने हा प्रश्न आणखी निकडीचा केला. हा विषाणू देवीच्या व्यापक कुळातील, परंतु वेगळ्या गटातील आहे आणि तो माणसाला बाधत नाही. भारतात त्याची पहिली नोंद २०१९ मध्ये ओडिशात झाली आणि २०२२ मध्ये राजस्थान, गुजरात, महाराष्ट्र यांसह अनेक राज्यांत त्याने मोठ्या संख्येने जनावरे दगावली. त्या वेळी गुरांना शेळ्यांच्या देवीची लस देण्यात आली. एका प्राण्याच्या सौम्य विषाणूने दुसऱ्या प्राण्याचे रक्षण करण्याचे हे तत्त्व जेन्नर यांचेच होय. दुसरीकडे, रशियात २०१७ मध्ये गुरांमध्ये सापडलेल्या लम्पीच्या विषाणूत लसीतील वंश आणि साथीतील वंश यांचे तुकडे एकत्र जुळलेले आढळले. जिवंत विषाणूंच्या लसीत भिन्न वंशांची सरमिसळ झाल्याने असे नवे वंश उद्भवल्याचे पुढील तपासणीत दिसून आले आणि त्यानंतर ते आशियातील इतर देशांतही पसरले. लसीची शुद्धता आणि तिच्या वंशाची काटेकोर नोंद का आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात येते.

बर्कली येथील जेन्नर यांच्या निवासस्थानी त्यांच्या कार्याचे संग्रहालय उभारण्यात आले आहे, तर ब्लॉसम गाईचे कातडे लंडनमध्ये सेंट जॉर्जेस या वैद्यकीय संस्थेने जतन केले आहे. जेन्नर यांच्याजवळ सूक्ष्मदर्शकाने दिसणारा विषाणू नव्हता की जनुकांची भाषा नव्हती. गोठा, तबेला आणि तेथे काम करणाऱ्या माणसांचे हात एवढीच त्यांची प्रयोगशाळा होती. त्यांच्या लसीने देवीचा रोग संपविला. जनावरांकडून माणसाकडे आणि माणसाकडून जनावरांकडे येजा करणाऱ्या विषाणूंवर लक्ष ठेवण्याचे जे काम त्यांनी ग्लॉस्टरशरच्या गोठ्यांत सुरू केले, ते मात्र अद्याप संपलेले नाही.